ताडपत्री पोथीतला अवलोकितेश्वर कसा ओळखायचा

बिहार-बंगालमधल्या पाल राजांच्या काळात, आणि त्याच सुमारास नेपाळच्या खोऱ्यात, बौद्ध पोथ्यांमध्ये चित्रे काढली जात. हाती आलेल्या चित्रित पोथ्या साधारण १०व्या शतकाच्या अखेरीपासूनच्या आहेत. नालंदा, विक्रमशिला यांसारखे विहार १२०० च्या आसपास उद्ध्वस्त झाले तेव्हा पूर्व भारतातली ही परंपरा तुटली. नेपाळात ती पुढे चालू राहिली. या पोथ्यांमध्ये एक बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचा करुणामय पुरुष) पुन्हा पुन्हा भेटतो: अवलोकितेश्वर, म्हणजेच लोकनाथ किंवा लोकेश्वर. तो ओळखायला शिकले की बाकीचे बोधिसत्त्व बरेच सोपे जातात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी.

नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. हातात कमळ दिसले की तो ‘पद्मपाणि’, म्हणजे हाती कमळ असलेला अवलोकितेश्वर, असे लिहून मोकळा होतो. कमळ तारा या देवीच्या हातात असते, मंजुश्री या दुसऱ्या बोधिसत्त्वाच्या हातात असते, आणि वज्रपाणि या तिसऱ्या बोधिसत्त्वाचे वज्रसुद्धा पुष्कळदा कमळावरच ठेवलेले असते. एका खुणेवरून नाव ठरत नाही. हात, फूल, मुकुट, आसन, परिवार आणि रंग यांतल्या निदान तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हाच नाव लिहावे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन खुणा मिळवण्यासाठी आहेत.

चित्र कुठे असते आणि केवढे असते

ताडपत्राचे पान साधारण ४० ते ५५ सेंमी लांब आणि ५ ते ७ सेंमी रुंद असते. एका बाजूवर मजकुराच्या पाच ते सात ओळी. लांब पानाला दोरी ओवायला दोन भोके असतात आणि चित्रांच्या चौकटी ती भोके टाळून आखलेल्या असतात: कधी मध्यभागी एकच, कधी मध्ये एक आणि दोन्ही टोकांना एकेक. लेखक मजकूर लिहिताना ही जागा रिकामी सोडत असे आणि चित्रकार ती नंतर भरत असे. म्हणजे चौकट जेमतेम ६ सेंमी उंच, आणि त्यात बसलेल्या मूर्तीचा चेहरा एक सेंमीच्या आतबाहेर. मुकुटातली आकृती तर तांदळाच्या दाण्याहून लहान. पोथीवरच्या लाकडी फळ्यांच्या आतल्या बाजूलाही चित्रे असतात. तिथे आडवी जागा भरपूर मिळते, म्हणून परिवारासह मूर्ती बघायची असेल तर फळ्या आधी बघाव्यात.

सर्वांत जास्त चित्रे मिळतात ती ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या ग्रंथाच्या पोथ्यांत. इथे एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवावी, कारण तिच्यावाचून फार वेळ वाया जातो. ही चित्रे शेजारच्या मजकुराचे वर्णन करत नाहीत. ग्रंथ प्रज्ञेची, शून्यतेची चर्चा करतो. चित्रांत बुद्धाच्या आयुष्यातले आठ प्रसंग, प्रज्ञापारमिता देवी, तारा आणि बोधिसत्त्व असतात. पोथी ही स्वतःच पूजेची वस्तू होती आणि चित्रांनी तिचे पावित्र्य वाढत असे. म्हणून डावीकडच्या ओळीत ‘सुभूति’ हे बुद्धाच्या शिष्याचे नाव वाचले तर उजवीकडचे चित्र सुभूतीचे समजू नये. चित्राचा अर्थ चित्रातूनच आणि, असलाच तर, त्याला जोडलेल्या नावाच्या ओळीतून काढायचा.

बसण्यापूर्वीची तयारी

मूळ पोथी हातात मिळण्याची शक्यता कमी, पण त्याने फारसे अडत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘अ‍ॅड. १६४३’ या क्रमांकाची नेपाळातली अष्टसाहस्रिकेची पोथी आहे, १०१५ सालची, ८५ चित्रांची. तिची सर्व पाने त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोठी करून बघता येतात, तेही विनामूल्य. सरावाला हीच पोथी घ्यावी; का, ते पुढे येईल.

चौकटीची प्रतिमा ए-फोर कागदावर मोठी करून छापा. वर ट्रेसिंग पेपर चिकटवा आणि मऊ पेन्सिलीने फक्त बाह्यरेषा काढा: डोके, खांदे, प्रत्येक हात खांद्यापासून बोटांपर्यंत, मग हातातल्या वस्तू. चित्रकला येत नसली तरी चालते. रेषा काढताना डोळा ज्या जागी अडतो, त्याच जागी शंका असते. तिथे बारीक प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. नुसते पाहून केलेल्या नोंदीत एखादा हात हमखास सुटतो.

पायरी १: उजवे-डावे ठरवा

मूर्तिशास्त्रात उजवे म्हणजे मूर्तीचे उजवे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडचे. ट्रेसिंगवर मूर्तीच्या उजव्या खांद्यापाशी ‘उ’ आणि डाव्या खांद्यापाशी ‘डा’ लिहूनच पुढे सरका. जुन्या छापील पुस्तकांत क्वचित प्रतिमा उलटी छापलेली सापडते. पाननिहाय प्रतिमा असेल तर चित्राच्या शेजारची अक्षरे बघा. अक्षरे सुलटी तर चित्र सुलटे. फक्त चौकट कापून छापली असेल तर ही खात्री करता येत नाही, आणि अशा प्रतिमेवरून उजव्या-डाव्या हातावर अवलंबून असलेला निष्कर्ष काढू नये.

पायरी २: बुद्ध, बोधिसत्त्व की देवी

बुद्धाच्या अंगावर भिक्षूचे चीवर असते, दागिने नसतात, डोक्यावर उष्णीष (उंचवटा) असते. बोधिसत्त्वाचे वरचे अंग बहुधा उघडे, त्यावर हार, बाजूबंद, जानवे, कमरेखाली नक्षीचे वस्त्र, डोक्यावर जटामुकुट किंवा किरीट. देवीला स्तन स्पष्ट दाखवलेले असतात आणि बहुधा चोळीसारखे वस्त्र किंवा स्तनांवरून गेलेला हार असतो.

दोन ठिकाणी घोळ होतो. पाल काळात मुकुट घातलेला बुद्ध ही प्रतिमा लोकप्रिय होती. मुकुट आणि गळ्यात हार, पण अंगावर चीवर असेल, तर तो बुद्धच. दुसरे म्हणजे, झिजलेल्या चित्रात देवीचे स्तन दिसेनासे होतात आणि ती बोधिसत्त्वासारखी वाटते. अशा वेळी कंबर आणि मांडी यांची रेषा बघण्यापेक्षा पायरी ३ आणि ४ आधी करून परत यावे, उत्तर तिथून जास्त खात्रीने मिळते.

पायरी ३: हात मोजा, मग वाचा

खांद्यापासून सुरुवात करून प्रत्येक हात ट्रेसिंगवर क्रमांकाने लिहा: उजवे वरून खाली उ१, उ२, उ३, डावे डा१, डा२, डा३. प्रत्येकापुढे मुद्रा किंवा वस्तू. अवलोकितेश्वराच्या बाबतीत पुढच्या मुद्रा डोळ्यांत बसायला हव्यात:

वरद: तळहात बाहेर, बोटे खाली, दान देण्याची मुद्रा. बसलेल्या मूर्तीत हा हात उजव्या गुडघ्यावर टेकलेला असतो.
अभय: तळहात बाहेर, बोटे वर.
अंजली: दोन्ही हात छातीशी जोडलेले.
धर्मचक्र: दोन्ही हात छातीसमोर, बोटे एकमेकांना स्पर्शणारी, उपदेशाची मुद्रा.
ध्यान: मांडीवर एकावर एक ठेवलेले तळहात.

लहान चित्रात धर्मचक्र आणि अंजली यांची गल्लत फार होते. खूण अशी: अंजलीत दोन्ही मनगटे एका पातळीवर आणि बोटे सरळ वर, धर्मचक्रात एक तळहात आपल्याकडे आणि दुसरा मूर्तीकडे वळलेला, त्यामुळे हातांची बाह्यरेषा वेडीवाकडी होते.

पायरी ४: कमळ कोणते

या पायरीवर घाई करू नये. चित्रांत दोन फुले असतात आणि दोन्हींना आपण सहज कमळ म्हणतो. पद्म पूर्ण उमललेले असते, पाकळ्या रुंद, आकार वाटीसारखा गोल, रंग पांढरा, गुलाबी किंवा लाल. उत्पल अर्धे मिटलेले, पाकळ्या लांबट आणि टोकदार, रंग बहुधा निळा. अवलोकितेश्वराचे पद्म, तारा आणि मंजुश्री यांचे उत्पल. देठ डाव्या हातातून निघून खांद्याच्या उंचीवर फूल उमलते. फूल सापडले की त्यावर काही ठेवले आहे का, ते बघा: पोथी दिसली तर मंजुश्रीकडे विचार वळवा, वज्र दिसले तर वज्रपाणीकडे.

आपल्यापैकी बहुतेकांनी बोधिसत्त्व प्रथम पाहिलेला असतो तो अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मध्ये, आणि त्याच्या हातातले कमळ निळे आहे. ते चित्र ५व्या शतकातले, या पोथ्यांच्या पाचशे वर्षे आधीचे. तोवर फुलांची ही वाटणी इतकी काटेकोर झालेली नव्हती. म्हणून ११व्या शतकाचा नियम मागे नेऊन अजिंठ्याला लावू नये, आणि अजिंठ्यावरून पोथीतल्या निळ्या फुलाला पद्मही ठरवू नये.

पायरी ५: डोक्याकडे बघा

अवलोकितेश्वर अमिताभ बुद्धाच्या कुळातला. म्हणून त्याच्या जटामुकुटाच्या मध्यभागी अमिताभाची छोटी आकृती असते: लाल, ध्यानमुद्रेत, पद्मासनात. दगडी मूर्तीत ही खूण सगळ्यात भरवशाची. पोथीत ती कित्येकदा एका तांबड्या ठिपक्याएवढी असते, किंवा रंग उडाल्याने नाहीशी झालेली असते. असली तर उत्तम पुरावा, नसली तर काहीच सिद्ध होत नाही. तांबडा ठिपका हा मुकुटातला माणिकही असू शकतो. ठिपक्याला खांद्यांचा आकार आणि मागे प्रभावळीची रेषा असेल तरच अमिताभ म्हणावे.

त्याच जागी स्तूप असेल तर तो मैत्रेय. मैत्रेयाच्या हाती नागकेशराची फांदी आणि बरेचदा कमंडलू असतो. मुकुटाऐवजी तीन बटा आणि गळ्यात वाघनखांची माळ, म्हणजे लहान मुलाचा साज, असेल तर मंजुश्री.

डाव्या खांद्यावर हरणाचे कातडे दिसले तर नोंदवून ठेवा. तपस्वी रूपाची ती खूण अवलोकितेश्वराच्या बाजूने जाते.

पायरी ६: आसन आणि वाहन

एक पाय दुमडलेला, दुसरा खाली सोडलेला आणि छोट्या कमळावर टेकलेला, हे ललितासन. अवलोकितेश्वर पोथ्यांमध्ये फार वेळा असाच बसतो, पण तारासुद्धा असेच बसते, त्यामुळे आसन एकटे उपयोगाचे नाही. एक गुडघा उभा करून त्यावर हात सैल टाकलेला असेल तर ते महाराजलीलासन. दोन्ही पाय घट्ट मांडी घातलेले ते वज्रपर्यंक. उभी मूर्ती सरळ की कमरेत वळलेली, तेही लिहा. खाली प्राणी असेल तर त्याचे डोके शोधा. उपप्रकार ठरवताना वाहन अतिशय कामाला येते.

पायरी ७: भोवतीची माणसे

दोन्ही बाजूंच्या छोट्या आकृत्या बहुतेक नवखे सोडून देतात. खरे तर मुख्य मूर्तीचा चेहरा पार पुसलेला असतानाही परिवारावरून नाव सांगता येते. अवलोकितेश्वराचा पूर्ण परिवार चौघांचा:

तारा, हिरवी, उत्पल धरलेली.
सुधनकुमार, हात जोडलेला, काखेत पोथी.
भृकुटी, पिवळी, चार हातांची, जटाधारी तापसी. हातांत अक्षमाला (जपमाळ), त्रिदंडी (संन्याशाची तीन दांड्यांची काठी) आणि कमंडलू.
हयग्रीव, लाल, बुटका, पोटाळा, हातात दंड, वंदनासाठी एक हात उचललेला.

बहुधा तारा आणि सुधन मूर्तीच्या उजवीकडे, भृकुटी आणि हयग्रीव डावीकडे असतात. जागा अपुरी पडली की चित्रकार दोघांनाच घेतो, आणि तेव्हा एका बाजूला हिरवी स्त्री व दुसऱ्या बाजूला लाल बुटका ही जोडी शोधावी. ती मिळाली तर मधला लोकनाथ.

वरद हाताच्या खाली, अगदी कोपऱ्यात, सुईसारख्या तोंडाचा, पोट सुटलेला, वर तोंड करून बसलेला एखादा जीव दिसतो का ते भिंगाने बघा. तो सूचीमुख प्रेत. बोधिसत्त्वाच्या बोटांतून गळणारे अमृत तो पितो. ही खूण सापडली की खसर्पण लोकेश्वराची शक्यता फार वाढते.

पायरी ८: रंग, सगळ्यात शेवटी

रंग डोळ्यांत आधी भरतो, म्हणून तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ग्रंथांत अवलोकितेश्वराची बहुतेक रूपे शुभ्र सांगितली आहेत. पोथीतली रंगसामग्री मर्यादित: हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, नीळ, पांढरा, काजळीचा काळा. हिरवा हा स्वतंत्र रंग नसून पुष्कळदा नीळ आणि हरताळ मिसळून केलेला असतो. त्यातला एक घटक फिका पडला की हिरवी देवी निळसर किंवा पिवळट दिसू लागते. पांढरा थर खपली होऊन उडतो आणि खालचे तपकिरी पान दिसते. मग शुभ्र लोकनाथ ‘पिवळा’ म्हणून नोंदला जातो. शंका आली की कानाच्या मागचा भाग, काख, बोटांमधल्या फटी बघाव्यात, तिथे मूळ रंग टिकून असतो. शिवाय एका पानावरच्या तीन चौकटी वेगळ्या दिसाव्यात म्हणून चित्रकार कधी रंग बदलतो. त्यामुळे हात आणि फूल एक सांगत असतील आणि रंग दुसरे, तर हात आणि फूल यांचे ऐकावे.

कोणता लोकेश्वर

अवलोकितेश्वर हे नक्की झाले की उपप्रकाराकडे वळावे. इथे आधार ‘साधनमाला’ या ध्यानविधींच्या संग्रहाचा. त्यात ३१२ साधने आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत विनयतोष भट्टाचार्य यांनी तो १९२५ आणि १९२८ मध्ये दोन भागांत संपादित केला. शाळेत संस्कृत शिकलेल्याला त्यातली वर्णने शब्दकोश जवळ ठेवून वाचता येतात, कारण त्यांची घडण ठरलेली आहे: रंग, तोंडे, हात, उजव्या हातांतल्या वस्तू, डाव्या हातांतल्या वस्तू, आसन, कुलबुद्ध, परिवार. तुमची ट्रेसिंगवरची नोंद याच क्रमाने लिहिली तर शेजारी ठेवून ताडता येते. एवढे ध्यानात ठेवा की या ग्रंथांत तारेला श्यामा म्हटले असेल तर चित्रात ती हिरवी असते.

वारंवार भेटणारी रूपे अशी.

लोकनाथ (अवलोकितेश्वराचे हे सर्वसाधारण नाव इथे एका रूपाचे नाव म्हणून): दोन हात, उजवा वरद, डाव्यात पद्म. शुभ्र. सोबत तारा आणि हयग्रीव, किंवा एकटाच.

खसर्पण: मूर्ती लोकनाथासारखीच, दोन हात, वरद आणि पद्म, ललितासन. फरक परिवारात. चौघेही असतील, विशेषतः सुधनकुमार आणि भृकुटी, तर खसर्पण. परिवार चौकटीबाहेर राहिला असेल तर लोकनाथ आणि खसर्पण यांत निवड करता येत नाही, आणि करूही नये.

षडक्षरी लोकेश्वर: चार हात. पुढचे दोन अंजलीत, मागचा उजवा अक्षमाला धरलेला, मागचा डावा पद्म. शुभ्र, मांडी घालून बसलेला. ‘ॐ मणिपद्मे हूँ’ या सहा अक्षरांच्या मंत्राचे हे रूप. दोन्ही बाजूंना त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या चार हातांच्या छोट्या आकृत्या असतील तर त्या मणिधर आणि षडक्षरी महाविद्या.

सिंहनाद लोकेश्वर: सिंहावर महाराजलीलासनात. शुभ्र, तीन डोळे, जटामुकुट, अंगावर दागिना नाही, कमरेला व्याघ्रचर्म. उजवीकडे सापाने वेढलेला त्रिशूळ. डावीकडे कमळावर तलवार, आणि सुगंधी फुलांनी भरलेले कपालपात्र. रोगनिवारणासाठी याची उपासना होत असे.

हालाहल: तीन तोंडे, सहा हात, मांडीवर शक्ती, म्हणजे सहचारिणी देवी. उजव्या हातांत वरद, अक्षमाला, बाण; डाव्यांपैकी एकात धनुष्य, एकात पांढरे पद्म, आणि एक हात शक्तीच्या स्तनावर.

पद्मनर्तेश्वर: नाचणारा, अठरा हातांच्या रूपात प्रत्येक हातात कमळ.

हरिहरिहरिवाहन: खाली सिंह, त्यावर गरुड, त्यावर विष्णू आणि त्याच्या खांद्यावर सहा हातांचा लोकेश्वर. ही रचना पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

सिंहनाद आणि हालाहल मराठी वाचकाला हमखास शंकरासारखे वाटतात, आणि ते साहजिक आहे: जटा, तिसरा डोळा, व्याघ्रचर्म, त्रिशूळ, साप. बौद्ध आचार्यांनी शैव चिन्हे जाणूनबुजून घेतली आहेत. निर्णय करायचा तो जटेतला अमिताभ, हातातले किंवा बाजूचे पद्म आणि पोथी कोणत्या ग्रंथाची आहे, यांवरून.

सर्वांत जास्त फसवणाऱ्या जोड्या

सिंहनाद आणि मंजुश्री दोघेही सिंहावर बसतात. दागिने मोजा. मंजुश्री नखशिखांत सजलेला असतो, वर्ण पिवळा किंवा केशरी, दोन्ही हात धर्मचक्र मुद्रेत, शेजारच्या उत्पलावर पोथी. सिंहनादाच्या अंगावर एकही दागिना नसतो. सिंहाचे तोंड वर वळले आहे की खाली, यावरून काही ठरवू नये.

षडक्षरी लोकेश्वर आणि चार हातांची प्रज्ञापारमिता. अष्टसाहस्रिकेच्या पोथीत दोघेही भेटू शकतात, म्हणून ही जोडी प्रत्येकाला कधी ना कधी अडवते. पुढच्या दोन हातांकडे बघा: अंजली असेल तर षडक्षरी, धर्मचक्र असेल तर प्रज्ञापारमिता. मग फुलावर पोथी आहे का बघा. पोथी असेल तर देवी.

लोकनाथ आणि तारा. दोघांचाही उजवा हात वरद, डाव्यात फूल, आसन ललित. फुलाच्या पाकळ्या आणि अंगाचा हिरवा रंग, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तारा म्हणावे. भोवती हत्ती, सिंह, साप, आग, बुडती नाव अशी संकटे काढलेली असतील तर पाल काळात ती बहुतकरून अष्टमहाभय तारा असते. औरंगाबादच्या लेणे क्र. ७ मध्ये आणि कान्हेरीच्या लेणे क्र. ९० मध्ये हेच संकटांचे दृश्य अवलोकितेश्वराभोवती कोरलेले आहे. ज्यांनी ती लेणी पाहिली आहेत ते इथे सवयीने अवलोकितेश्वर म्हणून जातात. मधल्या काही शतकांत हे काम तारेकडे आलेले असते.

नावाची ओळ, आणि कोकण

केंब्रिजची १०१५ ची पोथी सरावाला घ्यावी असे वर म्हटले, त्याचे कारण तिच्यात चित्रांना जोडून छोट्या संस्कृत ओळी आहेत. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या १०७१ सालच्या ‘ए. १५’ या पोथीतही तशाच ओळी आहेत. घडण साधी: आधी देश किंवा गाव सप्तमीत, मग देवतेचे नाव. सिंहलद्वीपातला (श्रीलंका) आरोग्यशाला लोकनाथ, समतटातला (आग्नेय बंगाल) जयतुंग लोकनाथ, कटाहद्वीपातल्या (मलाया द्वीपकल्पातले केदाह) वलवती पर्वतावरचा लोकनाथ, ओड्डियानातला (स्वात खोरे) वज्रपाणि. म्हणजे ही चित्रे त्या त्या ठिकाणच्या प्रसिद्ध देवस्थानांची आहेत, आणि पोथी उघडणाऱ्याला बसल्या जागी त्या सगळ्यांचे दर्शन घडत असे.

या यादीत कोकण आहे. कोकणातल्या शिवपुराचा सहस्रभुज लोकनाथ आणि कृष्णगिरीचा खड्गचैत्य अशी नोंद नेपाळात लिहिलेल्या या पोथीत मिळते. कृष्णगिरी म्हणजे आपली कान्हेरी. तिथल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत विहाराचे नाव असेच येते. ११व्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यातल्या चित्रकाराला कोकणातला लोकनाथ पूजनीय म्हणून ठाऊक होता, ही बाब महाराष्ट्रातल्या अभ्यासकांनी जितकी मनावर घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. कान्हेरीच्या लेणे क्र. ४१ मध्ये अकरा मुखांचा, चार हातांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तो पाहून मग या पोथीची पाने बघितली तर दोन्हींतले नाते जास्त स्पष्ट दिसते.

ओळ वाचताना दोन पथ्ये पाळा. ‘सहस्रभुज’ लिहिले आहे म्हणून हात मोजत बसू नका. ६ सेंमीच्या चौकटीत चित्रकार हात सूचित करतो. आणि स्थाननाम हे रूपाचे नाव नसते. ‘जयतुंग लोकनाथ’ हा साधनमालेतला उपप्रकार नाही, ते एका देवस्थानाचे नाव आहे. नोंदीत दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

काळ कसा लिहावा

पोथीच्या शेवटच्या पानावर पुष्पिका, म्हणजे पोथी कधी लिहिली ते सांगणारा समारोपाचा मजकूर, असते. नेपाळी पोथीत नेपाळ संवत असतो: कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ८७९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ८८०. संवत १३५ म्हणजे १०१५, १९१ म्हणजे १०७१, ते असेच. पाल पोथ्यांत राजाचे राज्यवर्ष असते, जसे कोलकात्याच्या ‘जी. ४७१३’ मध्ये महीपालाचे ६वे वर्ष, नालंदा. राज्यवर्षाचे इसवी सनात रूपांतर करताना अभ्यासकांत काही वर्षांचा फरक पडतो, म्हणून राज्यवर्ष जसे आहे तसे लिहावे आणि पुढे फक्त शतक द्यावे. पुष्पिका लेखनाचा काळ सांगते. फळ्या नंतरच्या असू शकतात, कारण पोथी टिकली तरी फळ्या बदलल्या जात. फळीवरच्या चित्राला पोथीची तारीख आपोआप लावू नये.

नुकसान वाचणे

पाने एकमेकांवर घासून चेहरा, नाक आणि पोट आधी झिजते, कडेच्या आकृत्या टिकतात. फळ्यांवर गंध, शेंदूर, अक्षता यांचे थर चढलेले असतात, कारण तिथे पूजा होत असे. हे डाग लाल असल्याने अमिताभ किंवा लाल हयग्रीव यांचा भास होतो. डाग चौकटीची रेषा ओलांडून गेला असेल तर तो पूजेचा; रंग रेषेच्या आत नेटका थांबला असेल तर चित्रकाराचा. नंतरच्या काळात काळ्या शाईने पुन्हा काढलेले डोळे आणि भुवया आढळतात. जाड, एकसारखी रेषा दिसली की तिच्यावरून शैलीबद्दल काही म्हणू नये.

अनेक पोथ्या सुट्या करून विकल्या गेल्या आणि एकाच पोथीची पाने वेगवेगळ्या संग्रहालयांत पोचली. एकटे पान हाती आले तर पानाच्या कडेवरचा पत्रांक (पानाचा क्रमांक) लिहून घ्यावा. मूळ पोथीत मधल्या चौकटीत बुद्ध आणि दोन्ही टोकांना बोधिसत्त्व अशी मांडणी असेल, तर डावीकडच्या मूर्तीचा विचार उजवीकडच्या मूर्तीबरोबर करावा लागतो, आणि शेजारचे पान हरवले असेल तर तसे नोंदवावे लागते.

नोंद आणि सराव

एका चौकटीसाठी एक कागद. वर संग्रह, पोथी क्रमांक, पत्रांक, बाजू, चौकटीची जागा. मग आठही पायऱ्यांची निरीक्षणे, नाव न लिहिता. त्याखाली ‘बाजूच्या खुणा’ आणि ‘विरुद्धच्या खुणा’ असे दोन रकाने. दुसरा रकाना रिकामा राहिला तर चित्र पुन्हा एकदा बघा, कारण झिजलेल्या ६ सेंमीत विरुद्ध एकही खूण नसणे विरळा. शेवटी निष्कर्ष तीनपैकी एका पातळीवर लिहा: ‘बोधिसत्त्व’, ‘अवलोकितेश्वर’, किंवा ‘अवलोकितेश्वर, खसर्पण रूप’. पुरावा जिथे संपतो त्या पातळीवर थांबावे.

सरावासाठी केंब्रिजच्या पोथीतल्या दहा चौकटी निवडा, नावाच्या ओळी कागदाच्या पट्टीने झाका, आणि प्रत्येकीला अर्धा तास द्या. दहाही नोंदी झाल्यावर पट्ट्या काढा. जिथे चुकले तिथे कोणती पायरी गाळली होती ते शोधा. बहुतेकांच्या बाबतीत ती चौथी निघते, पद्म आणि उत्पल. मग पुढच्या दहा चौकटी घ्या, यावेळी फळ्यांवरच्या मोठ्या चित्रांपासून सुरुवात करून.